‘चक्र’ आणि आडोशाचा प्रश्न

जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावरून रवींद्र धर्मराज यांनी केलेला हिंदी चित्रपट १९८१ साली पडद्यावर आला. लोकार्नोच्या महोत्सवात त्याला सुवर्ण बिबट्या मिळाला, स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. धर्मराज यांचा मात्र हा पहिला आणि शेवटचा कथापट ठरला, कारण त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले. कादंबरीने आणि चित्रपटाने मुंबईची झोपडपट्टी ‘आतून’ दाखवली, असे मराठी समीक्षेत तेव्हापासून म्हटले जात आहे. झोपडपट्टीवरचा कोणताही नवा चित्रपट आला की आजही ‘चक्र’ची आठवण काढली जाते. ‘आतून’ या शब्दाचा अर्थ काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. झोपडीच्या आत कॅमेरा नेला म्हणजे आतून पाहिले, असे होते काय? हा प्रश्न ज्यांची आयुष्ये झोपडीत गेली त्यांनी विचारायला हवा, आणि तो ‘चक्र’सारख्या चांगल्या कलाकृतीलाच विचारायला हवा. वाईट कलाकृतीला असे प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नये.

कथा थोडक्यात अशी. गावात सावकार अम्मावर हात टाकतो, नवरा त्याला ठार मारतो आणि बायको-मुलाला घेऊन मुंबईला पळतो. मुंबईत डोक्यावर काहीतरी हवे म्हणून तो पत्रे चोरायला जातो आणि गोळी लागून मरतो. अम्मा आणि तिचा मुलगा बेनवा झोपडपट्टीत उरतात. अम्माच्या आयुष्यात दोन पुरुष येतात. एक लुक्का : भुरटा गुन्हेगार, छानछोकी, बडबड्या. बेनवाला तो देवासारखा वाटतो. दुसरा ट्रकड्रायव्हर अण्णा : येऊन-जाऊन असणारा, पण मिळवता. अम्मा त्याच्यापासून गरोदर राहते, घर मांडण्याची आशा धरते. बेनवाचे अमलीशी लग्न होते. मग रोगाने पोखरलेला लुक्का पोलिसांना चुकवीत अम्माच्या झोपडीत आसरा घेतो. पोलीस येतात, लुक्का आणि बेनवा पकडले जातात, अम्माचा गर्भ पडतो आणि शेवटी वस्तीवर बुलडोझर येतात. नसीरुद्दीन शाह, कुलभूषण खरबंदा, रणजीत चौधरी आणि स्मिता पाटील यांनी ही माणसे अशी उभी केली आहेत की चाळीसहून अधिक वर्षांनंतरही ती शिळी वाटत नाहीत.

या कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा तपशील म्हणजे तो पत्रा. एक माणूस पत्र्यासाठी मरतो. भाकरीसाठी चोरी आपल्या साहित्यात भरपूर आहे. पोटाची भूक पांढरपेशा वाचकालाही कळते, निदान कळल्यासारखी वाटते. आडोशाची भूक त्याला कळत नाही, कारण आडोसा त्याला जन्मतःच मिळालेला असतो. भिंत, दार, कडी, पडदा, मोरी या वस्तू त्याच्या दृष्टीने वस्तूच नसतात. झोपडीतल्या माणसाला त्या एकेक करून मिळवाव्या लागतात : आधी चार बांबू, मग पोते, मग प्लास्टिक, मग पत्रा. नवराबायकोचे नाते, आई-मुलाचे नाते, तरुण मुलामुलींचे एकमेकांकडे पाहणे, हे सारे या आडोशाच्या मापाने आखूड होते किंवा फाटते. दहा बाय आठच्या जागेत वयात आलेला मुलगा झोपलेला असताना आईने कोणावर प्रेम करायचे आणि कसे करायचे, हा प्रश्न ‘चक्र’ने विचारला आहे. मराठी-हिंदी चित्रपटात तोपर्यंत गरिबांचे प्रेम म्हणजे एक गाणे असे. पावसात भिजत म्हटलेले. पाऊस झोपडीत गळतो, ही गोष्ट त्या गाण्यात कधी येत नसे.

अम्मा लुक्कावर प्रेम करते की अण्णावर? माझ्या मते दोघांवरही करते आणि दोघांकडून तिला वेगवेगळे हवे आहे. लुक्का तिला हसवतो. अण्णाच्या रूपाने तिला भिंत दिसते. मध्यमवर्गीय नीतीच्या दृष्टीने हा व्यवहार झाला. पण ज्या घरांमध्ये मुलीचे लग्न ठरवताना नोकरी, फ्लॅट आणि गावाकडची जमीन पाहिली जाते, त्या घरांनी अम्माच्या हिशेबाला व्यवहार म्हणावे, याला काय म्हणायचे? चित्रपट इथे अम्माला न्याय देतो. तो तिला कुलटा करीत नाही आणि सतीही करीत नाही. तिच्या शरीराला इच्छा आहे, तिच्या डोक्याला हिशेब आहे आणि मुलाबद्दल तिला माया आहे. या तिन्ही गोष्टी एकाच बाईत एकाच वेळी राहू शकतात, एवढी साधी गोष्ट मान्य करायला आपल्या चित्रपटसृष्टीला फार उशीर लागला.

याच काळात फिलिपिन्समध्ये लिनो ब्रोका हा दिग्दर्शक मनिलाच्या झोपडपट्ट्यांवर चित्रपट करीत होता. त्याच्या ‘इन्सियांग’ (१९७६) या चित्रपटातही आई आहे, मुलगी आहे आणि एक अपुरी खोली आहे. आई आपल्याहून तरुण माणसाला घरात आणते. तो मुलीवर बलात्कार करतो आणि आई मुलीऐवजी त्याच्यावर विश्वास ठेवते. मुलीचा प्रियकर तिला एका रात्रीपुरता लॉजवर नेतो आणि सकाळी नाहीसा होतो. १९७८ साली तो कानच्या महोत्सवात दाखवला गेला. ‘चक्र’च्या शेजारी ठेवून तो पाहावा असे मी सुचवीन, कारण दोन्हीकडे आडोशाअभावी प्रेम कसे सडते ते दिसते. फरक असा की इन्सियांग सूड घेते. डोके शांत ठेवून, आईच्याच हातून. अम्माला सूड सुचत नाही. सुचू दिला गेलेला नाही. तिच्या भोवती दिग्दर्शकाने आधीच एक चाक आखून ठेवले आहे आणि ती त्यात फिरते आहे.

हे चाक कोणी फिरवले? चित्रपटाची सुरुवात गावात होते, सावकाराच्या अत्याचाराने होते. म्हणजे मुंबईच्या झोपडीचा पाया खेड्यात आहे, हे लेखक-दिग्दर्शकांना माहीत आहे. पण मुंबईत आल्यावर ते गाव गळून पडते. नवरा गेला, सावकार गेला आणि त्यांच्याबरोबर तो सावकार कोण, हे कुटुंब कोण, गावात त्यांचे घर कोणत्या बाजूला होते, हे सगळे प्रश्नही गेले. बाईला नाव आहे ‘अम्मा’. आडनाव नाही. जात कथानकाला कुठेही वळण देत नाही. कोणी म्हणेल की मुंबईत जात कोण विचारतो? पाण्याच्या रांगेत, झोपडीची जागा मिळवताना, लग्न जमवताना आणि गटार उपसण्याच्या कामाला माणूस शोधताना विचारतात. झोपडपट्टीत गल्ल्या असतात आणि त्या गल्ल्यांना गावाचा नकाशा ठाऊक असतो. ज्याने तो नकाशा पाहिलेला नाही, त्याला सगळ्या झोपड्या सारख्याच दिसतात.

योगायोग पाहा. ‘चक्र’ कादंबरी आली त्याच १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. दळवी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीचे, बागुल नाशिक जिल्ह्यातून लहानपणी माटुंग्याच्या लेबर कॅम्पात आलेले. एकाच वर्षी मराठीत तळाच्या जगाची दोन पुस्तके येतात आणि त्यांतले एक जातीवाचून चालते, तर दुसऱ्याच्या शीर्षकातच जात आहे. बागुलांच्या त्या शीर्षककथेतला तरुण गुजरातमध्ये रेल्वेच्या नोकरीवर जातो. त्याला राहायला खोली हवी असते आणि खोली मिळण्यासाठी जात लपवावी लागते. म्हणजे इथेही प्रश्न आडोशाचाच आहे! पण बागुल सांगतात की आडोशाच्या दारावर जात बसलेली आहे. पत्रा विकत घेता आला तरी ती उठत नाही. आमच्या नंदुरबारहून उधना-सुरतेला जाणाऱ्या गाडीने आजही पोरे कामाला जातात. भाड्याने खोली पाहताना त्यांतल्या काहींना आडनाव सांगताना घसा साफ करावा लागतो. त्यांना ‘चक्र’पेक्षा बागुल जवळचे वाटतात ते साहित्यिक आवडीनिवडीमुळे नव्हे.

दळवींवर यात अन्याय होतो आहे असे कोणाला वाटेल. दळवींनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहिले आणि कोणत्याही सुधारकी गोडव्याशिवाय लिहिले, हे मान्य आहे. त्यांच्या आधीच्या कितीतरी लेखकांना झोपडपट्टी म्हणजे रेल्वेच्या खिडकीतून दिसणारे एक दृश्य होते. पण पाहणे आणि सोसणे यांत जे अंतर आहे ते प्रामाणिकपणाने भरून निघत नाही. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात वर्षानुवर्षे राहिले. त्यांच्या तळच्या माणसांत लढण्याची खुमखुमी दिसते, तशी ‘चक्र’च्या माणसांत दिसत नाही. याचे कारण अण्णाभाऊ झोपडपट्टीकडे निसर्गाचा एखादा कोप म्हणून पाहूच शकत नव्हते. त्यांना तिथला युनियनवाला माहीत होता, शाहीर माहीत होता, मोर्च्याला निघालेली बाई माहीत होती.

आता त्या दृश्याविषयी बोलले पाहिजे, ज्याविषयी बोलताना आपल्याकडे सगळेच एक तर फार बोलतात किंवा अजिबात बोलत नाहीत. अम्मा उघड्यावर आंघोळ करते. चित्रपटात हे दृश्य येते तेव्हा त्याचे समर्थन करता येते : न्हाणीघर नाही, ती काय करील? पण हेच दृश्य जाहिरातीवर आले, शहरोशहरीच्या भिंतींवर चिकटवले गेले आणि लोक ते पाहण्यासाठी तिकीट काढू लागले. स्मिता पाटील यांनी स्वतः या जाहिरातीबद्दल नाराजी व्यक्त केली होती. त्या आमच्या खानदेशच्या. त्यांचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. या मुलखात त्यांचे नाव अजूनही घरच्या लेकीसारखे घेतले जाते. भूमिकेसाठी त्या मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जाऊन तिथल्या बायकांचे बसणे-उठणे पाहत आल्या होत्या आणि ते त्यांच्या प्रत्येक हालचालीत दिसते. तेव्हा दोष नटीला देण्याचे कारण नाही. प्रश्न नजरेचा आहे.

आमच्या महाविद्यालयात आम्ही काही विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवला. वर्गात भिल्ल, पावरा, मावची मुली आहेत, बौद्ध वस्तीतल्या आहेत. त्यांतल्या अनेकींची घरे दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडच्या ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मळ्याच्या कडेला पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या खोपीत राहायचे आणि होळीला गावाकडे तोंड करायचे. काही मुलींनी लहानपणी शाळा सोडून त्या खोप्यांत महिने काढलेले आहेत. चर्चेत मुलगे महागाई, दारू, पोलीस यांवर बोलले. मुली गप्प होत्या. शेवटी एकीने विचारले, ‘सर, ती इतक्या उजेडात का आंघोळ करते?’ दुसरी म्हणाली, ‘आम्ही तर उजाडायच्या आत आटोपतो. दोघी जणी लुगडं धरून उभ्या राहतात.’

मराठी समीक्षेतल्या कितीतरी पानांनी मला जे सांगितले नव्हते ते या दोन वाक्यांनी सांगितले. जिला भिंत नाही ती बाई आडोसा निर्माण करते : अंधाराचा, लुगड्याचा, शेजारणीच्या पाठीचा. ही झोपडीतल्या बायकांची शेकडो वर्षांची विद्या आहे. तिच्यात लाज आहे म्हणण्यापेक्षा स्वाभिमान आहे, आणि तिच्यात दुसऱ्या बाईची सोबत आहे. ‘चक्र’ला उघडेपणा दिसला, लुगडे धरून उभ्या असलेल्या त्या दोघी दिसल्या नाहीत. त्या दिसल्या असत्या तर कॅमेऱ्यालाही त्यांच्यामागे थांबावे लागले असते. ज्या चित्रपटाला नवऱ्याच्या पत्र्याचे मोल इतके नेमके कळले, त्यानेच बायकोचा आडोसा काढून घ्यावा, ही या चित्रपटातली सर्वांत मोठी विसंगती होय. मी हे अश्लीलतेच्या मुद्द्यावरून म्हणत नाही. नग्नतेला घाबरणाऱ्या सोवळ्या समीक्षेशी माझे काही देणेघेणे नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली जे उघडे केले ते याहून भयंकर होते. पण ढसाळांच्या कवितेत उघडा पडतो तो व्यवस्थेचा चेहरा. इथे उघडी पडली ती एक बाई.

शेवटच्या बुलडोझरविषयी. पडद्यावर तो येतो तेव्हा जणू पूर यावा तसा येतो. कोणाच्या सहीने आला, कोणत्या खात्याचा, वस्तीला नोटीस मिळाली होती की नाही, हे चित्रपटाला विचारावेसे वाटत नाही, कारण ‘चक्र’ या शीर्षकाने उत्तर आधीच देऊन ठेवले आहे : हे असेच चालायचे. प्रत्यक्षात काय चालले होते? महाराष्ट्राचा झोपडपट्टी कायदा १९७१ चा. १९७६ साली मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली, ओळखपत्रे दिली गेली. त्याच वर्षी आणीबाणीच्या छायेत मानखुर्दची जनता कॉलनी उठवून तिथल्या लोकांना चिता कॅम्पात नेऊन टाकले. आणि ज्या वर्षी ‘चक्र’ आला त्याच १९८१ च्या जुलैत, भर पावसाळ्यात, मुख्यमंत्री अंतुले यांनी पदपथावरच्या लोकांना उठवून आपापल्या मूळ गावी पाठवून देण्याची घोषणा केली. मूळ गावी! अम्माच्या मूळ गावी तर सावकाराचे प्रेत आहे.

पण त्या वेळी लोक नुसते पाहत बसले नाहीत. पदपथावरची माणसे, त्यांच्या संघटना आणि ओल्गा टेलिस यांच्यासारख्या पत्रकार न्यायालयात गेल्या. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. बाबासाहेबांच्या घटनेतल्या एकविसाव्या कलमाचा हा अर्थ पदपथावर झोपणाऱ्या माणसाने न्यायालयाकडून काढून घेतला, असे म्हटले तर वावगे ठरू नये. तरी त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पावसाळा संपेपर्यंत, थोपायला सांगितले. हक्क मिळाला, आडोसा मात्र गेला. त्या वर्षी आलेल्या आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या माहितीपटात हीच माणसे बोलतात. एक बाई तर कॅमेरा धरणाऱ्यालाच फैलावर घेते की आमची चित्रे काढून तुम्ही करणार काय? हा प्रश्न ‘चक्र’मधली अम्मा विचारू शकली असती. तिच्या तोंडी तो घातला गेला नाही, आणि म्हणून इतक्या समर्थ अभिनयानंतरही ती पाहिली जाणारी राहते, पाहणारी होत नाही.

संघटनेचा अनुभव नसलेली माणसे खरी आणि असलेली खोटी, असा एक समज आपल्या वास्तववादात घर करून बसला आहे. मोर्चा आला की समीक्षक म्हणतात, प्रचार आला. आमच्या शहाद्याला १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. त्याआधी अंबरसिंग सुरतवंती यांनी भिल्लांना गेलेल्या जमिनींविषयी बोलायला शिकवले होते. त्या चळवळीत बायकांनी दारूची मडकी फोडली आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्या बायकांचे संसार नव्हते? त्यांना प्रेम माहीत नव्हते? उलट नवऱ्याने मारू नये, ही मागणी म्हणजे प्रेमाविषयीचेच विधान आहे. झोपडीतल्या प्रेमाची गोष्ट सांगताना हा भाग वगळला तर गोष्ट अधिक खरी होते, असे मला वाटत नाही.

पुढे काही बदलले का? नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्ये आर्ची आणि परश्या गावातून पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत येतात. पाटलाच्या मुलीला तिथली अस्वच्छता सोसवत नाही. ती रडते, भांडते, परतही निघते. परश्या तिच्यावर संशय घेतो, हात उचलतो. तिथे त्यांना खोपट देते ती डोसे विकणारी सुमनअक्का. ‘चक्र’मध्ये झोपडी ही प्रेमाला गिळणारी जागा आहे, ‘सैराट’मध्ये ती गावाच्या जातीपासून दोन पोरांना लपवणारा आडोसा आहे. मंजुळे यांनी झोपडपट्टी सुंदर केलेली नाही, पण तिच्यात एक बाई दुसऱ्या बाईसाठी लुगडे धरून उभी आहे, हे त्यांना दिसले. आर्ची-परश्याचा खून होतो तो त्या खोपटात होत नाही. कष्ट करून, पैसे साठवून ते चांगल्या घरात राहायला गेलेले असतात, दारात रांगोळी असते. भिंत, दार, कडी सगळे असते. माहेरची माणसे भेटी घेऊन येतात आणि आर्चीच त्यांना दार उघडते.

या दोन चित्रपटांवर आमच्या विद्यार्थ्यांनी निबंध लिहिले आहेत. मुलांनी ‘सैराट’ निवडला, मुलींपैकी बहुतेकींनी ‘चक्र’. असे का, असे विचारल्यावर त्यांतली एक म्हणाली की आर्चीला निदान परत जायला एक घर होते.